बडोदे नगरीतील दिवस आणि रात्री

बडोदे हे नाव मराठी माणसाच्या कानाला परके वाटत नाही. गुजरातच्या भूमीत वसलेले आणि सरकारी दप्तरात आज वडोदरा म्हणून नोंदले गेलेले हे शहर, अठराव्या शतकापासून १९४९ साली संस्थान विलीन होईपर्यंत, गायकवाडांच्या मराठी घराण्याची राजधानी होते. मराठी साहित्य संमेलन येथे १९०९, १९२१, १९३४ आणि अगदी अलीकडे २०१८ साली भरले. दांडिया बाजाराच्या गल्ल्यांतून फिरताना आजही मराठी बोल कानी पडतात, आणि येथील लोक ज्या 'सेव-उसळी'चा अभिमान बाळगतात त्या पदार्थाच्या नावातच आपली उसळ बसलेली आहे.

तथापि आम्ही बडोद्यास गेलो ते इतिहासाच्या ओढीने नव्हे. आमच्या बहिणीची मुलगी तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात वस्त्रविद्येचा अभ्यास करते. ती गावाबाहेर पडली तेव्हापासून गावात कुजबुज चालू होती. कपडे शिवणे शिकायला इतक्या दूर कशाला जावे? सुट्टीत घरी आली की ती पुस्तकांच्या गोष्टी थोड्या आणि प्रदर्शनांच्या, गाण्याच्या बैठकांच्या व गरब्याच्या रात्रींच्या गोष्टी फार सांगते, हे कसले शिक्षण? आईबापांच्या मनातही काळजीचा काटा सलत होता. तेव्हा नवरात्राच्या सुमारास आपणच जाऊन पाहून यावे असे आम्ही ठरविले. जे पाहिले ते आमच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. कारण हा प्रश्न आता एका घराचा राहिलेला नाही.

मुंबई सेंट्रलपासून बडोदे ३९२ किलोमीटरवर आहे. बोरिवलीस गाडी धरावी, वैतरणेचे पूल ओलांडावेत, डहाणूच्या चिकूच्या वाड्या मागे टाकाव्यात, सुरतेस तापीचे आणि भडोचपाशी नर्मदेचे विशाल पात्र डोळे भरून पाहावे, तोवर पाच-सहा तास सरतात. शहराच्या मधून विश्वामित्री नदी वाहते. नदी लहान, परंतु तिच्या पात्रात आजही मगरी नांदतात. भरवस्तीत मगर असलेले असे शहर आम्ही दुसरे पाहिले नाही. जुन्या गावाच्या मध्यभागी मांडवीची चौकोनी इमारत उभी आहे, चार दिशांना चार दरवाजे आहेत, आणि जवळच सूरसागर तलावाचे शांत पाणी आहे.

शेतकऱ्याच्या पोराची नगरी

या शहराला आजचे रूप ज्याने दिले तो राजा राजवाड्यात जन्मलेला नव्हता. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी, गायकवाडांच्या शेती करणाऱ्या एका शाखेत, १८६३ साली जन्मलेल्या गोपाळरावास १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले, आणि तोच सयाजीराव तिसरा म्हणून १९३९ पर्यंत गादीवर राहिला. ज्याने स्वतः बाराव्या वर्षानंतर अक्षरे गिरविली, त्याने १९०६ साली आपल्या साऱ्या राज्यात मुलामुलींचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. चित्रे, संगीत, वाचनालये, बागा या गोष्टी श्रीमंतांची चैन नसून प्रजेच्या शिक्षणाचा भाग होत, असे या पुरुषाचे मत होते. आमच्या भाचीचे प्रदर्शनांना जाणे हे त्या मताचेच शतकभरानंतरचे फळ आहे, हे आम्हांस तेथे गेल्यावर उमगले.

सयाजीबागेतील संग्रहालयाची इमारत १८९४ साली पुरी झाली. शेजारचे चित्रसंग्रहालय १९२१ साली लोकांस खुले झाले. येथे मिसर देशातील ममी आहे, निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, आणि युरोपातील चित्रकारांची तैलचित्रे आहेत. खेड्यापाड्यांतून आलेली कुटुंबे मुलांना खांद्यावर घेऊन देवमाशापुढे आ वासून उभी राहतात. आम्हीही उभे राहिलो. परंतु भाची आम्हांस ओढीत घेऊन गेली ती अकोटा येथे सापडलेल्या जैन धातुमूर्तींकडे. अकोटा हे पूर्वी शहराबाहेरचे गाव. १९५१ च्या सुमारास तेथे हा ठेवा उजेडात आला. त्यातील काही मूर्ती दीड हजार वर्षे जुन्या आहेत. "मामा, मूर्तीचा चेहरा नंतर पाहा," ती म्हणाली, "आधी नेसण पाहा. निऱ्या कुठे पडतात, वस्त्र कमरेला कसे आवळले आहे, ते पाहा. त्या काळचे कापड उरले नाही. पण त्याची नेसण या धातूत उरली आहे." आम्ही आजवर अनेक संग्रहालये पाहिली, पण मूर्तीच्या निऱ्या मोजण्याचे आमच्या ध्यानी कधी आले नव्हते.

राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्म्याची चित्रे आहेत. हा केरळचा चित्रकार १८८१ च्या सुमारास, सयाजीरावांना राज्याचे अधिकार मिळाले त्या वेळी, बडोद्यास आला. पुढे त्याने दरबारासाठी पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढली, आणि ती राजवाड्यात लावण्यापूर्वी सर्वसामान्य लोकांपुढे मांडण्यात आली. ज्यांनी उभ्या जन्मात तैलचित्र पाहिले नव्हते अशा लोकांच्या झुंडी ती पाहण्यास लोटल्या. प्रदर्शन म्हणजे काय, हे पश्चिम हिंदुस्थानातील सामान्य माणसास त्या दिवसांत कळले असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १८९४ साली रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला आणि त्याची चित्रे झोपडीपर्यंत पोहोचली. आमच्या भाचीने आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. पुराणातील स्त्रिया कोणता पोशाख करीत हे कोणी पाहिले होते? रविवर्म्याने त्यांतील अनेकींना साडी नेसवली, काहींना तर आपली नऊवारी. आणि मग साऱ्या देशाने तोच त्यांचा खरा पोशाख असे मानले. वेश ही केवळ अंग झाकण्याची वस्तू नव्हे. लोक आपल्या मनातील स्त्रीला, थोर माणसाला, देवालाही त्याच्याच आधारे ओळखतात. असा विचार शिवणाच्या यंत्रावर बसून सुचत नाही. त्यासाठी चित्रापुढे उभे राहावे लागते.

रंगशाळेपासून विद्यापीठापर्यंत

कापडाचे शिक्षण बडोद्यास नवीन नाही. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने येथे कलाभवन स्थापन झाले. तेथे यंत्रविद्येबरोबर कापड रंगविण्याचे शास्त्र शिकविले जाई. आपले दादासाहेब फाळके हेही याच कलाभवनाचे विद्यार्थी. कलाभवनाची ती भव्य वास्तू आज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी शाखेकडे आहे. १९४९ साली विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या हंसाबेन मेहता. मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्यात 'सर्व पुरुष' या अर्थाचे शब्द जाऊन 'सर्व माणसे' हे शब्द आले ते याच बाईंच्या आग्रहामुळे. त्यांच्याच काळात येथे गृहविज्ञानाची शाखा उभी राहिली, आणि तिच्यातच वस्त्रविद्येचा विभाग आहे.

या विभागात मुली काय शिकतात? आम्हांस वाटले होते की शिवण, टिपण आणि फार तर भरतकाम. प्रत्यक्षात भिंगाखाली एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती हे मोजले जाते; कापड किती ताणले म्हणजे फाटते, किती धुतले म्हणजे विटते, याची परीक्षा होते. मंजिष्ठेच्या एकाच रंगात बुडविलेले कापड तुरटी लावलेल्या ठिकाणी लाल आणि लोहाचे पाणी लावलेल्या ठिकाणी काळे का होते, याचे रसायन समजून घ्यावे लागते. कच्छी भरतातील आरशाला तर भोकच नसते. मग तो कापडावर टिकतो कसा? आधी त्याच्यावर आडव्या-उभ्या धाग्यांची चौकट आवळावी लागते आणि मग त्या चौकटीला धरून सभोवार टाके घालीत जावे लागते. हे सारे शिकावयास चार वर्षे लागली तर नवल नाही.

बडोद्याच्या राजघराण्यातही वस्त्रांची जाण मोठी होती. खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास मोत्यांचा एक अख्खा गालिचा करविला. तो २००९ साली परदेशी लिलावात विकला गेला. सयाजीरावांची कन्या इंदिराराजे, जी पुढे कूचबिहारची महाराणी झाली, हिने तलम शिफॉनची साडी हिंदुस्थानात रूढ केली. आज लग्नसमारंभात खेड्यातील मुलगी शिफॉन नेसते, तेव्हा एका मराठी राजकन्येची आवड आपण पांघरीत आहोत हे तिला ठाऊक नसते.

विद्यापीठाची ललितकला शाखा १९५० साली सुरू झाली. इंदूरच्या मराठी घरातून आलेले नारायण श्रीधर बेंद्रे, शिल्पकार शंखो चौधुरी, आणि पुढे के. जी. सुब्रमण्यन यांसारखे गुरू तिला लाभले. ज्योती भट्ट, गुलाममोहम्मद शेख यांसारखे कलावंत येथेच घडले. १९६०च्या दशकात या शाखेने आपला मेळा भरविण्यास आरंभ केला. त्यात विद्यार्थी व शिक्षक स्वतःच्या हातांनी खेळणी, मातीची भांडी, छापील कापडे करून विकीत, आणि गावातील माणसे ती घरी नेत. वार्षिक परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्यांची कामे खोल्याखोल्यांतून मांडली जातात आणि कोणीही जाऊन ती पाहू शकतो. आमची भाची गेल्या वर्षी सारा आठवडा संध्याकाळी तेथे जात होती. तिकीट नाही, खर्च नाही. पायांना चालण्याचा आणि डोळ्यांना पाहण्याचा काय तो श्रम.

कीर्तिमंदिरातील नंदलाल बोस यांची भित्तिचित्रे मात्र आम्ही दुपारच्या उन्हात जाऊन पाहिली. शांतिनिकेतनच्या या आचार्याने १९३९ ते १९४६ या काळात येऊन येथील चार भिंती रंगविल्या. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारताचे युद्ध, आणि रवींद्रनाथांच्या नाटकातील नर्तकी असे चार विषय. बाहेर रहदारीचा कोलाहल आणि आत ती शांत, मातकट रंगांची चित्रे. आम्ही बराच वेळ बोललोच नाही.

सुरांचे गाव

सूरसागराच्या काठी संगीत महाविद्यालयाची जुनी इमारत आहे. १८८६ साली मौलाबक्ष या गवयाने सयाजीरावांच्या आश्रयाने येथे गायनशाळा काढली आणि सर्वसामान्यांच्या मुलांसाठी संगीताचे दार उघडले. त्यांचेच नातू इनायत खान हे सूफी संत म्हणून युरोप-अमेरिकेत प्रसिद्धीस आले. १९१६ साली पंडित भातखंडे यांच्या प्रयत्नाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली तीही बडोद्यातच. आग्रा घराण्याचे फैयाजखाँ येथे दरबारगायक होते आणि १९५० साली त्यांनी येथेच देह ठेवला. अब्दुल करीमखाँ काही वर्षे याच दरबारी होते. पुढे शहर सोडून गेले, पण त्यांची कन्या हिराबाई हिने आडनाव लावले ते 'बडोदेकर'. कुलीन स्त्रीने भर सभेत बसून प्रतिष्ठेने गावे, ही वाट ज्यांनी रुळविली त्यांत हिराबाईंचे नाव अग्रभागी आहे.

या पूर्वजांची पुण्याई आजही शहरास पुरते. संगीत शाखेतील विद्यार्थ्यांच्या एका लहानशा बैठकीस आम्ही गेलो. गाणारी मुलगी विशीचीही नव्हती. ऐकणाऱ्यांत पांढऱ्या केसांचे आजोबा होते, रंगाने माखलेले हात न धुता आलेले चित्रकलेचे विद्यार्थी होते, आणि वस्त्रविद्येच्या मुलीही होत्या. परतताना भाचीने सांगितले की तिच्या वर्गातील एक मुलगी एका रागाच्या आलापावरून साडीच्या काठाची नक्षी बसवीत आहे. थोडेसे रूप दाखवावे, मागे घ्यावे, पुन्हा थोडे अधिक दाखवावे. ऐकून आम्हांस हसू आले. परंतु पुढे पदरावरील नक्षी आठवली आणि हसणे थांबले. वेलबुट्टीही अशीच तर पुढे सरकते!

गरब्याच्या रात्री

आता रात्रीविषयी लिहिले पाहिजे, कारण आईबापांचे काळीज तेथेच अडखळते. गुजरातेत राज्याच्या स्थापनेपासून दारूबंदी आहे. कायदा कोठे मोडलाच जात नाही असे आम्ही म्हणणार नाही. पण विद्यार्थ्यांची रात्रीची सहल म्हणजे फतेगंज भागातील खाण्याच्या गाड्या, सेव-उसळीची झणझणीत बशी, चहा, आइस्क्रीम आणि न संपणाऱ्या गप्पा, एवढाच बहुतेक तिचा पसारा. कोणी गिटार आणतो, कोणी जुनी गाणी म्हणतो. वसतिगृहाची वेळ झाली की मुली उठतात.

नवरात्राच्या नऊ रात्री मात्र निराळ्या. गरबा हा शब्द मातीच्या छिद्रे पाडलेल्या घटावरून आला असे म्हणतात. आत दिवा ठेवायचा आणि त्याच्याभोवती फेर धरायचा. २०२३ च्या डिसेंबरात युनेस्कोने गुजरातच्या गरब्यास मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. बडोद्याचा गरबा आपल्या संथ, भारदस्त चालीसाठी ओळखला जातो. मोठाल्या मैदानांत हजारो माणसे अनवाणी पायांनी मातीवर फेर धरतात. एका वर्तुळाबाहेर दुसरे, दुसऱ्याबाहेर तिसरे. मध्यभागी गायक आणि वाद्ये. अतुल पुरोहितांसारखे गायक येथे घरोघरी ठाऊक आहेत. ललितकला शाखेच्या आवारातील गरबा आटोपशीर. तेथे जुनी पदे गायिली जातात.

आम्ही एका कडेला बसून पाहत होतो. भाचीने अंगावर घातलेला घागरा, ज्याला येथे चणियो म्हणतात, तिने स्वतः बेतला होता. फेर घेताना घेर किती उघडावा, कापड किती हलके असावे, आरशांचे वजन कोठे द्यावे म्हणजे पायांत न येता घागरा फुलेल, याचा हिशेब तिने कागदावर केला होता. आता मैदानात त्याची परीक्षा चालली होती. तिच्यासाठी ही रात्र म्हणजे करमणूक होती आणि प्रयोगशाळाही. आजी, आई, नात अशा तीन पिढ्या एकाच फेरात टाळ्या देत होत्या. मध्यरात्री मुलींचे घोळके हसत घरी चालले होते आणि कोणाच्या चेहऱ्यावर भीती दिसत नव्हती.

परंतु खरे ते सांगावयास हवे. २०२४ च्या नवरात्रातच शहराच्या कडेला, भायली भागात, एका अल्पवयीन मुलीवर सामूहिक अत्याचार झाला आणि सारे शहर शरमेने खाली पाहू लागले. तेव्हा बडोद्याची रात्र निर्धोक आहे असे सांगून आम्ही कोणाची फसवणूक करणार नाही. रात्र निर्धोक असते ती आपोआप नव्हे. दिवे, पोलीस, जागी माणसे आणि एकमेकींची सोबत यांनी ती तशी ठेवावी लागते. आमची भाची व तिच्या मैत्रिणी एकत्र जातात, एकत्र परततात, निर्मनुष्य रस्ता टाळतात, आणि पोहोचल्यावर घरी कळवितात. हा नियम त्यांनी स्वतःच घातला आहे. कोंडून ठेवलेल्या मुलीला असा नियम घालण्याची अक्कल कधी येणार? आणि लक्षात ठेवावे की अपराध हा अपराध्याचा असतो. बाहेर पडलेल्या मुलीचा नव्हे.

रविवारी सकाळी आम्ही दोघे रोझरी कॅथेड्रलमध्ये मिस्साला गेलो. १९६६ साली बडोद्याचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. आदल्या रात्री उशिरापर्यंत जागलेल्या मुलींपैकी दोघी-तिघी पुढच्या बाकावर बसलेल्या पाहून, नाचणारे पाय प्रार्थनेचा रस्ता विसरतात ही आमची समजूत मोडीत निघाली.

आजीचे लुगडे

आम्हांस सर्वांत अधिक स्पर्श करून गेली ती गोष्ट शेवटी सांगतो. भाचीच्या वसतिगृहातील पेटीत, मऊ धुवट कापडात गुंडाळून, एक लाल चौकटीचे लुगडे ठेवलेले आम्ही पाहिले. ते आमच्या आईचे, म्हणजे तिच्या आजीचे. घरी आम्ही त्याची गोधडी करावयास काढली होती. तिने ते मागून नेले. भिंगाखाली त्याचे धागे मोजले. चौकट छापलेली नसून उभ्या-आडव्या रंगीत सुतांतून विणलेली आहे हे नोंदविले. आणि ते नेसण्याची रीत वृद्ध स्त्रियांकडून विचारून, चित्रे काढून, टप्प्याटप्प्याने लिहून ठेवली. यंदा तिच्या अभ्यासाचा विषयच तो आहे. अकोट्याच्या मूर्तीचे वस्त्र कोणी जपले नाही, म्हणून आपण आज धातूत त्याच्या निऱ्या शोधतो. आपल्या किनारपट्टीवरील गावांत लुगडे नेसणाऱ्या स्त्रिया आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. त्या गेल्या की नेसणही जाईल. आणि आपल्याकडे तर तिची धातूची मूर्तीही नाही.

जी मुलगी शहरात जाऊन फॅशन शिकते ती गाव विसरेल, अशी आपली भीती. येथे तर शहरानेच तिला आजीच्या पेटीकडे परत पाठविले! संग्रहालयाने तिला पाहावयास शिकविले, गाण्याने धीर धरावयास शिकविले, आणि गरब्याच्या फेराने हे शिकविले की वस्त्र कपाटात जिवंत राहत नाही, ते नेसणाऱ्या माणसांच्या मेळ्यात जिवंत राहते.

तेव्हा ज्या घरांतून मुली शिकावयास बाहेर पडत आहेत त्या घरच्या वडीलधाऱ्यांना आमची नम्र सूचना आहे. मुलीला 'किती गुण मिळाले' एवढेच विचारू नका. 'या महिन्यात काय पाहिलेस, काय ऐकलेस' हेही विचारा. जमल्यास एकदा स्वतः जाऊन तिच्याबरोबर तिचे शहर पायी फिरा. काळजीचे प्रश्न मोकळेपणाने बोला, म्हणजे तीही मोकळेपणाने उत्तरे देईल. आणि घरातील जुनी लुगडी, चोळ्या, दागिने यांची गोधडी वा मोड करण्यापूर्वी एकदा तिला दाखवा. कोण जाणे, ज्यास आपण चिंधी समजतो त्यातच तिच्या विद्येची पुंजी असेल.